घरचा संगणक कसा जुळवावा?

जन्मभर शाळेंत गणित शिकविणाऱ्या गृहस्थानें संगणकाच्या खरेदीसारख्या विषयांत कां पडावें, असें आपणांपैकीं पुष्कळांस वाटेल. त्याला कारण आहे. परीक्षांचे निकाल लागले कीं, पुण्यांतील कित्येक घरांत एक वाद सुरू होतो. मुलाला किंवा मुलीला चित्रपटाचें संपादन अथवा ॲनिमेशन शिकावयाचें असतें; त्यासाठीं मोठा संगणक हवा असतो, आणि त्याच संगणकावर मोठमोठे खेळहि खेळावयाचे असतात. वडिलांना त्यांत खेळ तेवढा दिसतो. मुलगा काम तेवढें सांगतो. खर्चाचा आंकडा दोन-अडीच लाखांच्या घरांत जातो, म्हणजे मध्यम स्थितींतील कुटुंबाची फार दिवसांची शिल्लक त्यांत खर्ची पडते. माझे जुने विद्यार्थी आज स्वतः पालक झाले आहेत. ते भागांची यादी घेऊन मजकडे सल्ल्यासाठीं येतात, तेव्हां त्यांना मी जें सांगतों, तेंच आज आपणांपुढें मांडणार आहें.

सांगण्याचें सार आरंभींच सांगतों. संगणकाची जुळणी भागांच्या यादीपासून सुरू करूं नये. कामाच्या यादीपासून करावी. आपलें काम कोठें अडून राहतें तें प्रथम शोधावें, आणि पैसा तेथें घालावा. मग जे भाग डोळ्यांत भरत नाहींत, परंतु ज्यांच्यावर बाकी सर्वांचा प्राण अवलंबून असतो, त्यांची बूज राखावी.

या नियमाचें एक थोर उदाहरण आपल्या पुण्यांतच घडलें आहे. १९८८ सालीं येथें प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झालें. त्या काळीं विज्ञानांतील अवाढव्य गणितें सोडविणारा बलाढ्य क्रे महासंगणक अमेरिकेकडून मिळण्यांत अडचणी येत होत्या. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं येथील मंडळींनीं असा विचार केला कीं, यांतील पुष्कळशीं गणितें तुकड्यातुकड्यांनीं वांटून देतां येतात. तसें असेल, तर एकच प्रचंड प्रोसेसर कशास हवा? त्यांनीं इंग्लंडमधील इन्मॉस कंपनीचे ट्रान्सप्यूटर हे तयार प्रोसेसर घेतले आणि ते अनेक एकत्र जोडून त्यांच्याकडून एकच गणित वांटून करवून घेतलें. १९९१ सालीं ‘परम ८०००’ उभा राहिला. कामाचा स्वभाव आधीं ओळखला आणि भाग मागून निवडले, हें त्यांतील मर्म होय. घरचा संगणक त्यापुढें लहान असला, तरी त्याला हाच न्याय लागू पडतो.

आतां कामाचा स्वभाव म्हणजे काय, तें पाहूं. १९३४ सालीं प्रभात कंपनीनें याच शहरांत ‘जंबुकाका’ हा रेखाचित्रपट काढला, तेव्हां चित्रें हातानें काढावीं लागत. आज तीं संगणक काढतो. परंतु चित्रांची संख्या कांहीं कमी झालेली नाहीं. पडद्यावर सेकंदास २४ चित्रें जातात, म्हणजे एका मिनिटास १,४४० चित्रें झालीं. एक चित्र तयार होण्यास संगणकाला दोन मिनिटें लागत असतील, तर एका मिनिटाच्या ॲनिमेशनला २,८८० मिनिटें, म्हणजे अखंड दोन दिवस लागतील. तेंच चित्र अर्ध्या मिनिटांत होऊं लागलें, तर १२ तासांत काम आटोपेल. रात्रीं लावून निजावें आणि सकाळीं पाहावें. पहिल्या यंत्रावर चूक सुधारावयाची म्हटली कीं आणखी दोन दिवस गेले. विद्यार्थी दशेंतील मुलाला, आणि पुढें गिऱ्हाइकाला दिलेली मुदत पाळावी लागणाऱ्या कारागिराला, हा फरक उपजीविकेचा फरक आहे.

खेळाचा स्वभाव याहून निराळा. खेळांत चित्र डोळ्यांदेखत तयार व्हावें लागतें. सेकंदास ६० चित्रें हवीं असतील, तर प्रत्येक चित्राला सेकंदाचा साठावा भाग एवढीच सवड असते. सेकंदास १४४ चित्रें दाखविणारा पडदा घेतला, तर ती सवड आणखी निम्म्याहून कमी होते. येथें सोळा मजूर असून उपयोग नाहीं. थोडेच, परंतु अत्यंत चपळ मजूर लागतात. म्हणूनच बाजारांत २०२४ सालीं आलेले एकाच कंपनीचे दोन प्रोसेसर पाहावे. रायझन ७ ९८००एक्स३डी याला आठच गाभे आहेत, परंतु जवळची तात्पुरती स्मृति फार मोठी आहे. तो खेळांत अग्रेसर ठरला. रायझन ९ ९९५०एक्स याला सोळा गाभे आहेत. वांटून करावयाच्या कामांत तो पुढें जातो. यांत श्रेष्ठ कोणता, हा प्रश्न फोल आहे. आपला आठवडा कोणत्या कामांत जातो, हा प्रश्न खरा. मुलानें प्रामाणिकपणें सात दिवसांचे तास मांडावे: संपादन इतके, त्रिमिति चित्रें इतके, खेळ इतके. तो कागद हातीं आल्याशिवाय पालकांनीं पाकिटाला हात घालूं नये.

यानंतर पडदा ठरवावा. पुष्कळ लोक तो सर्वांत शेवटीं घेतात, हें उलटें आहे. कारण यंत्राला किती ओझें ओढावें लागणार, तें पडदा ठरवितो. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांच्या पडद्यावर सुमारें २१ लक्ष ठिपके असतात. ३८४० गुणिले २१६० च्या पडद्यावर सुमारें ८३ लक्ष, म्हणजे चौपट. मोठा पडदा घेऊन लहान ग्राफिक्स कार्ड लावणें म्हणजे भरल्या गाडीला वासरूं जुंपणें होय. ज्याला रंगाचें काम करावयाचें आहे, त्यानें रंग खरे दाखविणारा पडदा निवडावा. नाहीं तर घरीं गोरा दिसलेला चेहरा परक्या पडद्यावर पिवळा दिसतो.

मग ग्राफिक्स कार्ड. ‘परम’ मधील तत्त्व येथें पराकोटीला पोंचलें आहे. आरटीएक्स ५०८० या कार्डांत दहा हजारांहून अधिक लहान गणकें एकाच वेळीं राबतात. परंतु कार्डाच्या वेगाइतकेंच त्याच्या स्वतःच्या स्मृतीकडे लक्ष द्यावें. ५०७० या कार्डाला १२ जीबी, ५०७० टीआय व ५०८० यांना १६ जीबी, आणि ५०९० ला ३२ जीबी स्मृति आहे. त्रिमिति दृश्य या स्मृतींत मावलें नाहीं, तर काम एकदम मंदावतें किंवा बंद पडतें. आणि ही स्मृति मागून वाढवितां येत नाहीं. येथें मी एक सूत्र सांगतों: जें मागून वाढवितां येत नाहीं तें आरंभींच पुरेसें घ्यावें, जें वाढवितां येतें त्याची घाई करूं नये.

रॅम आणि साठवण हीं दुसऱ्या वर्गांत मोडतात. साठवण म्हणजे कोठार, आणि रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. कोठार कितीहि भरलेलें असो, ओटा लहान असला तर स्वयंपाक रेंगाळतो. केवळ खेळासाठीं ३२ जीबी रॅम पुरे. त्रिमिति चित्रें व मोठें संपादन यांसाठीं ६४ जीबी असावी. एका पट्टीपेक्षां दोन पट्ट्या घ्याव्या, कारण मग दोन वाटांनीं माहितीची ने-आण होते. डीडीआर५ प्रकारांत चार पट्ट्या भरल्यास बहुधा वेग उतरवावा लागतो. म्हणून चार लहान पट्ट्यांपेक्षां दोन मोठ्या बऱ्या. २०२५ सालाच्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडून मागणी वाढून रॅमचे भाव भडकले. तेव्हां जुन्या भावाच्या अंदाजावर विसंबूं नये, खरेदीच्या आठवड्यांत दोन-तीन ठिकाणीं भाव काढावा.

साठवणीसाठीं एक एनव्हीएमई एसएसडी संगणकाच्या मूळ प्रणालीला आणि दुसरी चालू कामाला ठेवावी. तयार कामाची एक प्रत घराबाहेर असावी. ज्याची दुसरी प्रत नाहीं, तें काम अजून झालेंच नाहीं, असें समजावें.

मदरबोर्ड घेतांना पत्रिका जुळते कीं नाहीं तें नीट पाहावें. प्रोसेसरची बैठक, रॅमचा प्रकार, कॅबिनेटचा आकार, हीं तीनहि जुळलीं पाहिजेत. त्यापलीकडे झगमगत्या दिव्यांसाठीं पैसे मोजण्याचें कारण नाहीं.

आतां ज्या भागाची कोणी शेजाऱ्यापाशीं फुशारकी मारीत नाहीं, त्याकडे येतों. तो म्हणजे वीज पुरविणारा पॉवर सप्लाय. येथें बेरीज करावी. ५०८० कार्डाला ३६० वॅट, ९९५०एक्स प्रोसेसरला पूर्ण भारांत सुमारें २३०, बाकी सर्वांना मिळून १०० धरले, तर बेरीज ६९० झाली. त्यावर पुरेसा मोकळेपणा ठेवून ८५० वॅटचा, चांगल्या प्रतीचा सप्लाय घ्यावा. अडीच लाखांच्या यंत्रांत दोन-तीन हजार वांचविण्यासाठीं येथें हलका माल घालणें, म्हणजे नव्या वाड्याला कच्चा पाया घालणें. पावसाळ्यांत वीज लपंडाव खेळते, म्हणून यूपीएसहि हवा. परंतु ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस बहुधा ३६० वॅटच देतो. अशा यंत्राला तो क्षणभरहि तोलणार नाहीं. व्हीए व वॅट हे आंकडे निरनिराळे आहेत, एवढें दुकानांत विचारावें. असल्या यंत्राला दीड हजार व्हीएच्या आसपासचा यूपीएस लागतो. आणि पेठांतल्या जुन्या घरांत राहणारांनीं भिंतींतील अर्थिंग खरें आहे कीं नुसतें तिसरें भोंक आहे, तें तारतंत्र्याकडून आधीं तपासून घ्यावें.

विजेच्या बिलाचाहि हिशेब मांडावा. यंत्रानें ६०० वॅट दराने रोज आठ तास काम केलें, तर ४.८ युनिटें होतात. २५ दिवसांत १२०. महावितरणच्या घरगुती दरांत १०० युनिटांच्या वर दर चढतो, हें लक्षांत घेतां हा खर्च दरमहाचा आहे, एकदांचा नव्हे.

राहिली गोष्ट हवेची. वैशाखांत पुण्याचा पारा कित्येकदां चाळीस अंशांपर्यंत जातो. खोलीच तापलेली असतां यंत्र थंड कसें राहणार? फार तापलें कीं प्रोसेसर व कार्ड आपला वेग आपणच कमी करतात. म्हणजे पैसा दिला तो वेग मिळतच नाहीं. समोरून बंद कांच असलेल्या कॅबिनेटपेक्षां जाळीची कॅबिनेट बरी, आणि जाळीवरची धूळ पंधरवड्यास झाडावी.

सगळ्या खर्चाचा रुपया धरला, तर खेळ आणि काम दोन्ही करणाऱ्यानें तो साधारणपणें असा वांटावा: ग्राफिक्स कार्डाला सहा आणे, प्रोसेसरला तीन, रॅमला अडीच, मदरबोर्डाला दीड, आणि साठवण, पॉवर सप्लाय, तसेंच कॅबिनेट व पंखे यांना एकेक आणा. पडदा व यूपीएस यांचा खर्च निराळा ठेवावा. रॅम महागली तर तो अर्धा-एक आणा प्रोसेसरकडून घ्यावा. पॉवर सप्लायच्या आण्याला हात लावूं नये.

खरेदी पुण्यांत करा, कीं मुंबईस लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आजच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर करा. सांगितलेल्या भावांत १८ टक्के जीएसटी धरला आहे कीं नाहीं तें विचारा. प्रत्येक भागाचा अनुक्रमांक असलेली पक्की पावती घ्या. पावती नसलेला स्वस्त भाग बिघडला, म्हणजे तो फार महाग पडतो. जुळणी झाल्यावर यंत्र पूर्ण भारावर दोन-तीन तास चालवून पाहा, आणि मगच घरीं आणा.

अखेर दोन शब्द वडीलधाऱ्यांसाठीं व दोन मुलांसाठीं. पालकांनो, खेळ हा कांहीं गुन्हा नव्हे. दिवसभर काम केलेल्या यंत्रावर मुलानें तासभर खेळलें तर यंत्राचें कांहीं झिजत नाहीं. परंतु सात दिवसांच्या मांडणींत कामाचा एकहि तास नसेल, तर निम्म्या किंमतीचें यंत्र खेळाला पुरतें, हें निःसंकोचपणें सांगावें. आणि मुलांनो, तुम्हांस खेळावयाचें असेल तर खेळासाठीं मागा. कामाच्या नांवावर मागूं नका. वडील नाहीं म्हणतील, फार तर रागावतील. परंतु खोट्या हिशेबावर घेतलेली वस्तु पुढें कोणालाच सुख देत नाहीं. यंत्र किती वेगाचें, याची चौकशी सोबती करतील. घरच्यांनीं वर्षअखेरीस एवढेंच विचारावें कीं, त्यावर पुरें करून दाखविलें काय?