बहिणीची पहिली नोकरी आणि माझा एक चुकीचा सल्ला



मला इथं ‘आयटीमध्ये करिअर’ या विषयावर बोलायला बोलावलं होतं. पण ऐकायला येणाऱ्यांत नर्सिंगच्या मुली जास्त आहेत, असं गेल्या आठवड्यात कळलं, म्हणून विषय बदलून घेतला. आयटीवर यूट्यूबवर भरपूर आहे. मी माझ्या धाकट्या बहिणीच्या पहिल्या नोकरीबद्दल बोलतो. तिला विचारलं तेव्हा म्हणाली, “भाई, माझं नाव घेऊ नको, बाकी काय सांगायचं ते सांग. पण तुझी चूकपण सांग.”

आम्ही इचलकरंजीचे. अब्बा सायझिंगमध्ये कामाला होते. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा कंपनी आमच्या कॉलेजात आली, परीक्षा घेतली आणि ऑफर लेटर देऊन गेली. तोवर कुणाच्या उपयोगी पडेल असा एकही प्रोग्रॅम मी लिहिला नव्हता. बहिणीनं जीएनएमच्या तीन वर्षांत वॉर्डात रात्री काढल्या, बाळंतपणं केली, माणसं जाताना पाहिली. तिच्या कॉलेजात कुणी फिरकलं नाही.

२०२२ मध्ये ती पास झाली, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात आलं आणि शोध सुरू झाला. कोल्हापूर, सांगली, मिरज. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये तिथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं तेव्हापासून. वाटलं, तिथं तरी काम होईल. जाईल तिथं एकच प्रश्न : अनुभव किती? अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून अनुभव नाही.

एका ठिकाणी मुलाखत चांगली झाली. मी बाहेर बसलो होतो, ती येऊन सांगू लागली. वापरलेली सुई कुठं टाकायची, विचारलं. पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात. सलाइनची नळी लाल पिशवीत, रक्ताचं ड्रेसिंग पिवळ्या, काचेची बाटली निळ्या. सगळं बरोबर. मग फॉर्मवरचा स्कार्फमधला फोटो बघून बाई म्हणाल्या, “कळवतो.” कळवलं नाही. कारण स्कार्फ होता, आडनाव होतं की खरंच अनुभव, हे मला सांगता येत नाही. तिलाही नाही. हे न कळणं फार वाईट. माणूस स्वतःलाच तपासत बसतो. दुसरीकडच्या मेट्रननं मात्र सरळ विचारलं, स्कार्फचं काय करणार? बहीण म्हणाली, “युनिफॉर्मच्या रंगाचा, आत खोचलेला चालेल का? ओटीत तर सगळेच टोपी घालतात.” मेट्रन म्हणाल्या, चालेल, पण हात कोपरापर्यंत उघडे हवेत, जंतुसंसर्गाचा नियम आहे. संपलं, दोन मिनिटांत. जागा तिथंही नव्हती, पण तो दिवस तिला बरा गेला.

चार महिने असे गेल्यावर घराजवळच्या एका वीस खाटांच्या नर्सिंग होममधून निरोप आला. साडेसात हजार रुपये, रोख, पाकिटातून. नेमणूकपत्र नाही. तिनं मला पुण्याला फोन केला. मी तेव्हा स्टँडअप मीटिंगच्या गडबडीत होतो. म्हणालो, “घे गं, मिळतंय ते. अनुभव तर मिळेल.”

हीच ती चूक. माझं स्वतःचं ऑफर लेटर मी तीन वेळा वाचलं होतं, मित्राच्या वकील मामूंना दाखवलं होतं. तिला मात्र कागदच मागू दिला नाही.

तिथं ती चौदा महिने होती. काम खरं शिकली, ते नाकारत नाही. लहान बाळाची शीर पहिल्या झटक्यात सापडते तिला आता. सोडताना अनुभवाचं पत्र मागितलं तर डॉक्टर म्हणाले, “तुम्ही आमच्याकडं ट्रेनिंगला होता ना?” मस्टरवर नाव नाही, बँकेत पगार जमा नाही, सिद्ध कशानं करणार? अम्मी दोनदा जाऊन बसल्या. काही झालं नाही.

नंतर मी जागा झालो आणि नियम वाचले. एम्सच्या नर्सिंग ऑफिसरसाठी नॉरसेट परीक्षा असते. तिथं जीएनएमवाल्यांना किमान पन्नास खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. म्हणजे ते पत्र मिळालं असतं तरी वीस खाटांचे चौदा महिने तिथं शून्यच! हे मी तो फोन ठेवायच्या आधी दहा मिनिटांत शोधू शकलो असतो. दिवसभर दुसरं करतोच काय मी?

पगाराचंही तसंच. परिचारिकांच्या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१६ मध्ये केंद्राला समिती नेमायला सांगितलं. समितीनं सुचवलं की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला महिना वीस हजारांहून कमी देऊ नये, आणि दोनशेहून जास्त खाटा असतील तर सरकारी पगाराइतकाच द्यावा. ही शिफारस आहे, अंमल राज्यांनी करायचा. तुम्ही आकडा दाखवलात म्हणून उद्या कुणी वीस हजार देणार नाही. पण साडेसात हजार देणारा उपकार करत नाही, एवढं तरी मनात स्पष्ट राहतं.

दुसऱ्यांदा आम्ही उलटं केलं. पगार नंतर विचारला. आधी विचारलं खाटा किती, नेमणूकपत्र कधी, पगार बँकेत का. एका ठिकाणी मूळ प्रमाणपत्रं जमा करा म्हणाले. ती उठून आली. मूळ कागद पडताळणीला दाखवायचे आणि परत पिशवीत टाकायचे, ठेवून घ्यायला झेरॉक्स असते. शेवटी कोल्हापुरात शंभरावर खाटांच्या एका रुग्णालयात काम मिळालं. मोठा आकडा नाही, पण पहिल्या दिवशी पत्र, त्यावर पद : स्टाफ नर्स.

मग नाइट ड्युटीचा प्रश्न आला. फुफींचं म्हणणं होतं, मुलगी रात्रभर बाहेर, स्थळं कशी येणार? अब्बा वाद घालत नाहीत. त्यांनी पहिला आठवडा तिच्याबरोबर एसटीनं जाऊन रुग्णालयाच्या बाकावर रात्र काढली, वॉचमनशी ओळख केली, आणि घरी येऊन एवढंच म्हणाले, “तिथं पंधरा मुली जाग्या असतात आणि मी एकटा झोपलेलो असतो.” पुढच्या वर्षी फुफींचं ऑपरेशन झालं, तेव्हा त्यांनी पहिली चौकशी केली ती रात्री बाई नर्स असते का याची. मी काही बोललो नाही. अम्मी बोलल्या.

त्या रुग्णालयात तिची दोन वर्षं येत्या मार्चला भरतात. नॉरसेटचा अभ्यास ड्युटीनंतर चालतो, कधी पुस्तकावरच झोपते. आज ती आलेली नाही, कालची नाइट करून घरी झोपली आहे.

चहानंतर मी त्या मागच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसतो. ज्यांच्याकडं नेमणूकपत्र असेल त्यांनी दाखवा, नसेल त्यांनीही या. कुणाला कुठं बोलावणं आलं असेल तर आधी खाटा किती ते बघू.