वणवा, वीज आणि आपली वर्गणी

(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



1956 पर्यंत आपल्या बालाघाटची राजधानी नागपूर होती. पुढे ती भोपाळला गेली. आपण मात्र वैनगंगेकाठीच राहिलो. म्हणून या जिल्ह्याचे दुःख ते आपले दुःख, असे आम्ही मानतो. आजचा विषय आहे वणवा आणि वीज.

जिल्ह्याचा निम्म्याहून अधिक भाग जंगल आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला जाळतात. तेंदूला नवी पालवी यावी म्हणूनही आग लावतात. ती आवरली नाही तर वणवा होतो. तारांखाली आग पोहोचली की वीज बंद पडते. कधी तुटलेल्या तारेच्या ठिणगीनेच आग लागते. मग शेवटच्या टोकाच्या गावात नळयोजनेचा पंप बंद, मोबाईल बंद, दवाखान्यातला लसींचा फ्रीज बंद. आग विझवायची वेळ असते, नेमके तेव्हाच पाणी आणि निरोप दोन्ही तुटतात.

यावर उपाय आहे गावाच्या मालकीचे छोटे वीजकेंद्र. सौर पॅनेल, बॅटरी आणि गावापुरत्या तारा. मोठी वाहिनी गेली की गाव तिच्यापासून आपोआप अलग होते आणि गरजेपुरती वीज चालू राहते.

अमेरिकेत कॅलिफोर्नियात ऑक्टोबर 2019 मध्ये वणव्याच्या भीतीने वीज कंपनीनेच पुरवठा बंद केला. तेव्हा ब्लू लेक रँचेरिया या छोट्या आदिवासी वसाहतीत दिवे चालू होते, कारण वीजकेंद्र त्यांचे स्वतःचे होते. आसपासचे दहा हजारांवर लोक इंधन, बर्फ आणि फोन चार्जिंगसाठी तिथे आले. गंभीर रुग्णांना त्यांच्या हॉटेलात ठेवले गेले.

इतके लांब कशाला? पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात दरेवाडी येथे 2012 साली 39 घरांसाठी 9.4 किलोवॅटचे सौर केंद्र उभे राहिले. घरोघरी मीटर बसले आणि बिलाची वसुली गावाच्याच ट्रस्टने केली. उलट बिहारमधील धरनई येथे 2014 मध्ये 100 किलोवॅटचे केंद्र मोठ्या थाटात सुरू झाले. पुढे सरकारी वीज स्वस्तात आली, बॅटऱ्या खराब झाल्या आणि केंद्र बंद पडले. यंत्र बसवणे सोपे, बॅटरी बदलायला पैसा साठवणे कठीण, हाच त्यातला धडा.

कायदा आडवा येत नाही. 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 14 नुसार, राज्याने अधिसूचित केलेल्या ग्रामीण भागात वीज निर्माण करून वाटायला परवाना लागत नाही. बैहरचा भाग अनुसूचित क्षेत्रात आहे आणि मध्य प्रदेशात पेसाचे नियम 2022 पासून लागू आहेत. ग्रामसभेच्या ठरावाला वजन आहे.

आता आपण काय करायचे? गणेशोत्सवाच्या वर्गणीचा पै-पैचा हिशेब आपली मंडळी पिढ्यान् पिढ्या ठेवत आली आहेत. तीच हिशेबाची वही जंगलातल्या एखाद्या गावाला शिकवू या. ठरावाचा मसुदा, अर्ज, बँकेचे खाते, बॅटरीचा राखीव निधी, एवढी मदत आपल्या हातात आहे. सुरुवात एका दवाखान्यापासून आणि एका पंपापासून व्हावी. आणि मते मागायला जो कोणी दारात येईल, त्याला चहा देऊन एवढेच विचारावे : पुढच्या वणव्यात बैहर-लांजीच्या गावांत पंप चालेल का?