पाटी कुणासाठी असते?

(दहावी १९९६ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)

 तीस वर्षांनंतरही मुली डावीकडे, मुलं उजवीकडे अशाच बसलेल्या माझ्या वर्गमित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि ‘ऑफिसचं काही सांगू नकोस’ अशी तंबीही दिली आहे. म्हणून मी रेल्वेच्या पाट्यांबद्दल बोलणार आहे, त्याही इंग्लंडातल्या. हसू नका. गेले पंधरा दिवस आपल्या ग्रुपवर जो वाद चाललाय, त्याच्याशी या पाट्यांचा जवळचा संबंध आहे.

आपण जमवलेल्या निधीतून शाळेच्या फाटकावर नवा फलक बसणार आहे. त्यावर काय काय असावं, याच्या सूचना मी काल रात्री मोजल्या. शाळेचं नाव, संस्थेचं नाव, बोधचिन्ह, बोधवाक्य, स्थापनेचं वर्ष, आपल्या बॅचचं नाव, देणगीदारांची नावं आणि मागे उगवता सूर्य. आठ गोष्टी, फलक एक. मी ग्रुपवर काही लिहिलं नाही. म्हटलं, समोरासमोर बोलू.

कामानिमित्त मी तीन वर्षं इंग्लंडमध्ये होते. रोज गाडीने जा-ये. पहिल्या नोव्हेंबरातली एक संध्याकाळ आठवते. साडेचारलाच काळोख, बाहेर पाऊस, डब्यात गर्दी, आणि उद्घोषणेतला उच्चार माझ्या कानाला अजिबात ओळखीचा नव्हता. आपलं स्टेशन गेलं की काय, या धास्तीने मी खिडकीला नाक लावून बसले होते. गाडी फलाटात शिरली आणि नाव एका नजरेत वाचता आलं. पांढऱ्या पाटीवर काळी, साधी अक्षरं, बाजूला भरपूर मोकळी जागा, बस्स. जीव भांड्यात पडला. पुढे लक्षात आलं की अशा पाट्या मला गावोगाव भेटतायत. हे आपोआप घडलेलं नसणार, कुणीतरी बसून ठरवलेलं असणार. मग सुट्टीच्या दिवशी मी त्याचा मागोवा घेत गेले.

सुरुवातीला तिथेही आपल्या ग्रुपसारखंच होतं. शंभराहून जास्त रेल्वे कंपन्या, प्रत्येकीचा रंग वेगळा, चिन्ह वेगळं, अभिमान वेगळा. १९२३ साली त्यांच्या चार मोठ्या कंपन्या झाल्या. ग्रेट वेस्टर्नची इंजिनं हिरवी आणि डबे चॉकलेटी-मलई रंगाचे. लंडन मिडलँडचे डबे गडद तांबडे. सदर्नचे हिरवे. लंडन अँड नॉर्थ ईस्टर्नचे सागवानी लाकडाचे, वॉर्निश केलेले. दिसायला देखणं प्रकरण. पण देखणेपणा निराळा आणि नवख्याला वाट सापडणं निराळं. फलाटाच्या भिंतीवर साबण, चहा, औषधं यांच्या जाहिरातींची एवढी दाटी असायची की त्यात स्टेशनचं नाव कुठलं, हेच कळायचं नाही.

लंडनच्या भुयारी रेल्वेने या अडचणीवर १९०८ साली एक सोपा उपाय काढला होता. नावाच्या निळ्या पट्टीमागे लाल भरीव वर्तुळ. जाहिरातींच्या गर्दीतही डोळा बरोबर तिथे जाई. फ्रँक पिक नावाच्या अधिकाऱ्याकडे तिथल्या प्रसिद्धीचं काम होतं. त्यांनी सुलेखनकार एडवर्ड जॉन्स्टन यांच्याकडून खास अक्षरं करून घेतली आणि ती १९१६ पासून वापरात आली. आज शंभर वर्षांनंतरही लंडनची भुयारी रेल्वे त्याच वळणाची अक्षरं वापरते.

पाटीची किंमत कधी कळते? ती काढून घेतल्यावर. १९४० मध्ये जर्मन सैन्य उतरेल या भीतीने ब्रिटनमध्ये स्टेशनांची नावं उतरवली गेली किंवा रंगाने झाकली गेली. विचार करा, शत्रूला देशात वाट सापडू नये म्हणून काय केलं, तर पाट्या काढल्या. म्हणजे पाटी नसली की माणूस आपल्याच मुलखात परका होतो.

युद्ध संपलं, १ जानेवारी १९४८ ला रेल्वे सरकारी झाली. कंपनी एक झाली, पण विभाग सहा, आणि पाट्यांचे रंगही सहा. पश्चिमेला तपकिरी, दक्षिणेला हिरवा, लंडन मिडलँडला गडद तांबडा, पूर्वेला गर्द निळा, ईशान्येला नारिंगी, स्कॉटलंडला फिकट निळा. इनॅमलच्या त्या लांबट पाट्यांना टोटेम म्हणत. आज जुन्या वस्तूंचे शौकीन त्या लिलावात विकत घेतात.

खरा बदल झाला १९६५ मध्ये. तोवर मोटारी वाढल्या होत्या, महामार्ग आले होते, १९६३ च्या बीचिंग अहवालाने कितीतरी मार्ग बंद करायला सांगितलं होतं. रेल्वे लोकांना जुनाट वाटू लागली होती. तेव्हा ‘ब्रिटिश रेल’ हे सुटसुटीत नाव आलं, निळा रंग आला आणि एक नवं चिन्ह आलं. दोन आडव्या रेषा म्हणजे दोन रूळमार्ग, आणि त्यांना जोडणारे दोन उलट दिशांचे बाण म्हणजे जाणारी गाडी आणि येणारी गाडी. जेराल्ड बार्नी या तरुण डिझायनरने ते केलं. कामावर जाताना, भुयारी रेल्वेत बसून, पाकिटाच्या मागे त्याचं पहिलं रेखाटन केलं, असं त्यांनीच सांगितलं आहे. लोकांनी थट्टा केली. ‘धड इकडे ना धड तिकडे जाणारे बाण’ म्हणाले. रेल्वेच्या जहाजांवर तर डाव्या बाजूला हे चिन्ह मुद्दाम आरशातल्यासारखं उलटं रंगवत, वरचा बाण जहाजाच्या पुढच्या दिशेला राहावा म्हणून. इतका बारीक विचार!

अक्षरं केली जॉक किनियर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनी. कॅल्व्हर्टबाई आधी किनियर यांच्या विद्यार्थिनी होत्या, हे इथे शाळेत उभं राहून सांगायला मला विशेष आवडतं. तिथल्या रस्त्यांवरच्या पाट्याही या दोघांच्याच. नावं सगळी कॅपिटल अक्षरांत लिहायची जुनी रीत त्यांनी सोडली. कॅपिटलमध्ये प्रत्येक शब्द विटेसारखा चौकोनी दिसतो. लहान अक्षरांत काही टोकं वर जातात, काही खाली येतात, आणि शब्दाला स्वतःचा आकार मिळतो. तो आकार लांबूनच ओळखू येतो. आपल्या देवनागरीला ही देणगी जन्मतःच आहे. ‘पुणे’ आणि ‘पनवेल’ धावत्या गाडीतून उकार-मात्रांवरूनच वेगळे कळतात.

आता मला सर्वांत आवडलेली गोष्ट. चित्रकलेचे सर पहिल्या रांगेत आहेत, म्हणून जरा भीतभीतच सांगते. इंटरमिजिएटच्या परीक्षेच्या वेळी मी मोजपट्टी घेऊन सगळी अक्षरं अगदी समान अंतरावर आखली होती. सर, तुम्ही ती पुसायला लावलीत. म्हणालात, ‘पट्टी ठेव खाली, डोळ्याने बघ. गोल अक्षराला शेजारी जागा कमी लागते, उभ्या दांडीला जास्त.’ मला तेव्हा फार राग आला होता.

किनियर आणि कॅल्व्हर्ट यांनी नेमकं हेच केलं, पण पुढे एक पाऊल टाकलं. देशभरातल्या पाट्या रंगवणाऱ्या प्रत्येकाला सरांसारखा डोळा असणार नाही, हे त्यांनी ओळखलं. म्हणून प्रत्येक अक्षर एकेका अदृश्य फरशीवर बसवलं. गोल अक्षराची फरशी कडेला अरुंद, उभ्या अक्षराची रुंद. कारागिराने फरश्या फक्त शेजारी शेजारी लावायच्या, मधलं अंतर आपोआप बरोबर येतं. जाणत्याची नजर त्यांनी नियमात बसवली आणि ती सगळ्यांच्या हाती दिली. मी रोज संगणकाला जे शिकवायचा प्रयत्न करते, ते याहून वेगळं नाही.

सगळंच चांगलं झालं असं नाही. नव्याच्या त्याच हौसेपायी १९६१-६२ मध्ये लंडनच्या यूस्टन स्थानकाची भव्य दगडी कमान पाडली गेली आणि त्याची हळहळ अजून संपलेली नाही. सगळीकडे तोच निळा रंग बघून लोक कंटाळलेही. नव्वदच्या दशकात रेल्वेचं खासगीकरण झालं आणि पुन्हा डझनावारी कंपन्या, पुन्हा रंगांची जत्रा. पण दोन बाण टिकले. ब्रिटिश रेल हे नाव गेलं, तरी स्टेशनच्या दारावर तेच बाण आहेत, कारण मालक कोण याच्याशी प्रवाशाला कर्तव्य नसतं. स्टेशन कुठे आहे, एवढंच त्याला हवं असतं. आणि कॅल्व्हर्टबाईंनी ऐंशी ओलांडल्यावर, २०२० मध्ये, एका तरुण सहकाऱ्यासोबत त्या अक्षरांची नवी आवृत्ती करून दिली.

हे सगळं माहीत असूनही मी चुकलेच. इथे परत आल्यावर एका रुग्णालयासाठी टोकन नंबर दाखवणारा पडदा आमच्या टीमने केला. रचना माझी. बोधचिन्ह, स्वागताचा सरकता मजकूर, डॉक्टरांचा फोटो, आरोग्याचा सल्ला, आणि कोपऱ्यात नंबर. आम्ही चाचणी केली ती दोन फुटांवरून, चांगल्या डोळ्यांनी. सुरू झाल्यावर मी बघायला गेले, तर एक आजोबा दीड तास तसेच बसलेले. त्यांचा नंबर केव्हाच येऊन गेला होता. ते मलाच म्हणाले, ‘बाई, मला काय ते वाचता येईना, आणि विचारायची लाज वाटली.’ ते वाक्य अजून माझ्या पोटात आहे. पुढच्या आठवड्यात मी पडद्यावरचं सगळं काढून टाकलं. फक्त नंबर आणि खोली ठेवली.

म्हणून आपल्या फलकाबद्दल माझं मत सांगते. आपल्याला त्या फलकाची गरज नाही, आपण डोळे मिटूनही फाटकापर्यंत येऊ. तो वाचणार आहे ती जूनमध्ये पोराचा हात धरून पहिल्यांदा प्रवेशाला येणारी आई. कदाचित नुकतीच बदली होऊन गावात आलेली, कदाचित स्वतः फार न शिकलेली. ‘हीच का शाळा?’ असं कुणाला विचारायची वेळ तिच्यावर येऊ नये. तेव्हा शाळेचं नाव मोठं, आणि खाली कार्यालयाकडे जाणारा एक बाण. आपल्या बॅचचं नाव हवंच असेल, तर फलकाच्या मागच्या बाजूला, लहान. शाळा सुटल्यावर घरी जाताना मुलं वाचतील. उगवत्या सूर्याची सूचना करणाऱ्या मित्राची मी आत्ताच क्षमा मागते.

आणि सर, एक विनंती. अक्षरं फ्लेक्सवाल्याकडून नकोत. तुमचा हात आता थरथरतो हे मघाशी तुम्हीच म्हणालात. हात आमचे घ्या, डोळा तेवढा तुमचा द्या. पट्टी मी घरीच ठेवून येईन.