गुलाम वाचू लागला म्हणजे
(दापोडे, तालुका भिवंडी, येथील सभेत केलेले भाषण)



आज आम्ही अमेरिकेतील काळ्या गुलामांची हकिकत सांगणार, असे कळताच एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी विचारले, "मास्तर, त्यांचा नि आपला संबंध काय?" संबंध आम्ही नव्हे, जोतीरावांनी जोडला. इ. स. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक काढले, आणि गुलामांच्या सुटकेसाठी झटलेल्या अमेरिकेतील भल्या माणसांना ते अर्पण केले. शूद्रांच्या सुटकेकरिता आपल्या लोकांनी तोच कित्ता गिरवावा, ही त्यांची इच्छा.

परंतु दुसऱ्याने हात दिल्यानेच बेडी तुटत नसते. फ्रेडरिक डग्लस हा जन्माचा गुलाम. बाल्टिमोर शहरी धनीण त्याला मुळाक्षरे शिकवू लागली, तो धन्याने तिला दटावले: गुलाम वाचू लागला म्हणजे तो गुलाम राहावयाचा नाही! पोराने हे ऐकले आणि ओळखले की, धनी ज्याला भितो तेच आपले औषध. मग तो गल्लीतल्या गरीब गोऱ्या पोरांना पाव देई आणि बदल्यात अक्षरे घेई. १८३८ साली तो पळाला. १८४५ साली त्याने आपली कहाणी छापली. १८४७ साली स्वतःचे वर्तमानपत्र काढले. पुढे युद्ध पेटले, त्यात सुमारे १,८०,००० काळे शिपाई लढले, आणि १८६५ साली कायद्याने गुलामी उठली.

इकडेही वाट तीच. १८४८ साली पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा घातली. १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी 'दीनबंधु' पत्र काढले. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डुबॉइस या काळ्या पंडितास पत्र लिहून, काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांपुढे मांडलेल्या अर्जाच्या प्रती मागविल्या. डुबॉइसांनी आपुलकीने उत्तर धाडले. दुःख एक, म्हणून ओळख पटली.

आता आपल्या गावाकडे पाहा. भाताच्या खाचरांवर गोदामे उभी राहिली. तेथे हमालीचे रोख पैसे मिळतात, म्हणून नववीतली पोरे शाळा सोडताना आम्ही डोळ्यांनी पाहतो. भाऊ गोदामात गेला की घरच्या कामाला बहिणीला ठेवतात. आईबापांची ओढाताण आम्हांस ठाऊक आहे. दोष देत नाही. पण हिशेब मांडा. डग्लसने पाव देऊन अक्षर घेतले. आपण अक्षर देऊन पाव घेतो. हा सौदा बुडीत आहे.

म्हणून आज येथून उठताना एवढाच निश्चय करा: दहावी होईपर्यंत पोराच्या पाठीवर पोते नाही, आणि पोरीची पाटी चुलीपाशी नाही.

सत्यमेव जयते.