‘फायर’ या शब्दाचे अर्थ

‘फायर’ म्हणजे विस्तव, हें इंग्रजी शिकूं लागलेलें मूलहि सांगतें. परंतु नाट्यगृहांत कोणीं ‘फायर!’ अशी आरोळी ठोकली, तर प्रेक्षक दाराकडे धांवतात. रणांगणावर तोच शब्द ऐकून सैनिक बंदुकीचा चाप ओढतो. हा दुसरा अर्थ आला कोठून? जुन्या तोफेच्या मागील बाजूस एक छिद्र असे. त्यांतील दारूस पेटती बत्ती लावली कीं बार उडे. पुढें बत्ती गेली, चाप आला. शब्द मात्र राहिला. मराठींतील ‘तोफ डागणें’ हा प्रयोग याच जातीचा. म्हणूनच धनुर्धरानें बाण ‘फायर’ केला, असें इंग्रजी कादंबरींत आलें कीं जाणत्याला खटकतें. धनुष्याला विस्तव कशाला हवा?

कुंभार मडकीं भाजतो, तेंहि इंग्रजींत ‘फायर’च.

खरा चटका देणारा अर्थ अमेरिकेंत १८८० नंतर रूढ झाला. इंग्रजींत ‘डिस्चार्ज’ म्हणजे बंदूक झाडणें, आणि नोकरीवरून दूर करणेंहि. बहुधा या श्लेषावरूनच मालक नोकराला ‘फायर’ करूं लागला. मराठींत अशा माणसाला ‘नारळ मिळतो’. पाहुण्याला मानानें निरोप देतांना द्यावयाचें फळ येथें उपहासानें हातीं येतें! अशी बातमी मराठींत आणणाऱ्यानें बंदूकहि टाळावी आणि नारळहि. ‘नोकरी गेली’ एवढेंच लिहावें. वाचणाऱ्याच्या घरीं तेवढेंच समजून घ्यावयाचें असतें.