जोड्यांकडे पाहणारे वादक

लंडनच्या पश्चिमेस थेम्स नदीकाठी रेडिंग नावाचे शहर आहे. एके काळी बिस्किटांच्या कारखान्याबद्दल त्याची ख्याती होती. १९८९ साली तेथील काही तरुणांनी ‘स्लोडाइव्ह’ या नावाचा एक छोटा वाद्यवृंद उभा केला. नील हॉलस्टेड व रेचल गॉसवेल हे त्यातील दोघे बालपणापासूनचे सोबती. दोघेही गात व गिटार वाजवीत. आणखी एक गिटारवादिका हवी, अशी जाहिरात त्यांनी दिली, तेव्हा उत्तर आले ते ख्रिश्चन सॅव्हिल नावाच्या एका तरुणाचे. आवश्यकता पडल्यास आपण स्त्रीवेष धारण करू, असे त्याने कळविले होते! बालगंधर्वांच्या रंगभूमीचा वारसा सांगणाऱ्यांना यात फारसे नवल वाटू नये. सॅव्हिलला घेण्यात आले, आणि तेही वेषांतराच्या अटीवाचून.

या मंडळींचे संगीत कसे होते? गिटारीचा नाद विजेच्या तारेतून पायाशी ठेवलेल्या लहान लहान पेट्यांत शिरतो. तेथे त्याचे प्रतिध्वनी होतात, ते एकमेकांवर रचले जातात, आणि तारेवरील आघाताची कड विरघळून एक विस्तीर्ण गुंजन तेवढे मागे राहते. जवारी उत्तम लागलेल्या तंबोऱ्यापाशी बसलेल्यास हा अनुभव अगदीच अपरिचित नाही. कंठस्वरही येथे वाद्यांच्या माथ्यावर बसत नाही. तो त्या धुक्यातच मिसळतो. शब्द पुष्कळदा कळत नाहीत, आणि ते कळावेत असा आग्रहही नसतो. या जातीच्या संगीताला कोणी ‘ड्रीम पॉप’ म्हणजे स्वप्नगीत म्हणतात. परंतु पेट्यांच्या कळा पायांनी दाबावयाच्या असल्याने वादकांची दृष्टी सदैव खाली असे; म्हणून लंडनच्या संगीत साप्ताहिकांनी ‘शूगेझ’, अर्थात जोड्यांकडे टक लावणे, हा शब्द रूढ केला. तो गौरवाचा खास नव्हता.

‘क्रिएशन’ या स्वतंत्र ध्वनिमुद्रण संस्थेने त्यांना जवळ केले. १९९० सालच्या पहिल्या मुद्रिकेचे कौतुक करणारी साप्ताहिके पुढल्याच वर्षी नाक मुरडू लागली. त्यातच हॉलस्टेड व गॉसवेल यांचे प्रेमसंबंध तुटले. तो वेल्समधील एका झोपडीवजा घरात काही दिवस एकटा जाऊन राहिला आणि गाणी घेऊन परतला. त्या गाण्यांची ‘सुव्हलाकी’ ही मुद्रिका १९९३ साली निघाली. दोन गीतांसाठी ब्रायन ईनो यांचे साहाय्य लाभले होते. ज्या वियोगातून काही गाणी उमटली, त्यातील दुसरी व्यक्ती शेजारी उभी राहून आपला स्वर त्यांत मिसळीत होती. ही गोष्ट सोपी नव्हे. समीक्षकांना मात्र त्याचे सोयरसुतक नव्हते. ही मुद्रिका पुन्हा ऐकण्यापेक्षा लापशीने भरलेल्या टबात बुडून मरणे बरे, अशा अर्थाचे एकाने लिहिले.

१९९५ सालची ‘पिग्मॅलियन’ तर जवळजवळ रिकाम्या अवकाशाची होती. ती निघून आठवडा उलटतो न उलटतो तोच संस्थेने करार संपविला. तोपर्यंत ‘ओॲसिस’सारखे उच्चरवाचे वृंद याच संस्थेच्या छत्राखाली गाजत होते. हॉलस्टेड व गॉसवेल यांनी ‘मोहावे ३’ या नावाने साधी, निवांत गीते गाण्यास आरंभ केला.

पुढे महाजालावरून त्या टाकून दिलेल्या मुद्रिका हातोहात फिरल्या. आणि फिरविणारे पुष्कळदा त्यांच्या प्रकाशनानंतर जन्मलेले होते. २०१४ साली वृंद पुन्हा एकत्र आला. बावीस वर्षांच्या खंडानंतर, २०१७ साली नवी मुद्रिका निघाली. २०२३ सालची ‘एव्हरीथिंग इज अलाइव्ह’ ही गॉसवेलच्या आईच्या व ढोलवादक सायमन स्कॉट यांच्या वडिलांच्या स्मृतीस वाहिलेली आहे. दोघेही २०२० साली वारले. तीस वर्षांपूर्वी उपहास सोसलेला हा वृंद या मुद्रिकेने ब्रिटनच्या पहिल्या दहांत प्रथमच गेला. आता समोर विशी-पंचविशीतली मुले गर्दी करून उभी असतात. पन्नाशी गाठलेले वादक मात्र अजूनही पायांशी ठेवलेल्या पेट्यांकडेच पाहत असतात.