पत्र्याआधी कागद

(साहाय्यक मंडळाच्या पावसाळी सभेत आपल्या क्षेत्रसेवकांनी केलेले भाषण)



गेल्या वर्षी उपकारस्तुतीच्या उपासनेत आपण सुधागड तालुक्यातील एका कातकरी वाडीच्या छपरांसाठी अर्पण दिले. आज दारातच मला तिघांनी विचारले, "ते पत्रे चढले का?" निम्मे चढले. उरलेले समाजमंदिरात भिंतीला टेकून उभे आहेत. यात चूक माझी आहे, म्हणून मीच सांगतो.

वाडीतली घरे आपल्यापैकी काहींनी पाहिली आहेत. कारवीचे कूड, त्यावर शेणमाती, वर गवत आणि गवतावर निळे प्लास्टिक. दिवाळीनंतर माणसे वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. शाकारणीला जेमतेम दोन-तीन आठवडे मिळतात. म्हणून मेमध्ये मी घाईने ट्रक आणला. ग्रामपंचायतीतून घराघराचा नमुना 8 चा उतारा काढला होता. त्यावर नावे बरोबर होती. मला वाटले, झाले काम.

पहिली ओळ दोन दिवसांत झाली. तिसऱ्या दिवशी ओढ्याकडच्या घरांपाशी लोखंडी पाइप रोवू लागलो, तेव्हा जमिनीचे मालक आले. आवाज चढवला नाही. म्हणाले, "गवताचं घर दोन पिढ्या आहे, आम्ही कधी हरकत घेतली नाही. पण लोखंड रोवलं की ते कायमचं झालं. परवानगी कुणाची आहे?" माझ्यापाशी उत्तर नव्हते.

दुसऱ्या दिवशी सातबारा काढला, तेव्हा उलगडा झाला. नमुना 8 हा घरपट्टीचा उतारा, मालकीचा पुरावा नव्हे. पहिली ओळ गावठाणात आहे, ओढ्याकडची ओळ गावठाणाबाहेर, दुसऱ्याच्या शेतजमिनीत. ग्रामपंचायत अधिनियम 1958 च्या कलम 52 प्रमाणे घर बांधायला किंवा पुन्हा उभारायला पंचायतीची परवानगी लागते, आणि ती मागायला गेले की पहिला प्रश्न जागेचाच येतो. हे मी ट्रक आणण्याआधी विचारायला हवे होते.

नियमांचा कंटाळा मलाही येतो. पण अनुवाद 22:8 मध्ये नव्या घराच्या धाब्याला कठडा करण्याची आज्ञा आहे, कोणी पडून जीव जाऊ नये म्हणून. शास्त्रातला हा बांधकामाचा नियमच म्हणायचा! 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडात पत्रे कसे उडाले, ते आपण पाहिले आहे. वाशाला नीट न आवळलेला पत्रा गवतापेक्षा घातक. तेव्हा पाइप किती खोल रोवावा, बोल्ट किती घालावेत, हे विचारणारा माणूस आपला वैरी नाही.

कागदाचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो आपल्या पत्र्यांपेक्षा मोठा आहे. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या जमातींना नोव्हेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत घरासाठी 2 लाख रुपये मिळू शकतात. पण जागा दाखवावी लागते. महसूल संहितेच्या कलम 122 खाली जिल्हाधिकारी गावठाणाची हद्द ठरवू शकतात, त्यामुळे गावठाण वाढवून घेणे हा एक मार्ग. मालकांनी घरापुरता तुकडा दिला तर तो दुसरा, पण तुकडेबंदीमुळे तिथेही वरची परवानगी लागते. (पलीकडची वाडी वनजमिनीवर आहे. तिथे वनहक्क कायदा लागतो. त्याविषयी पुढच्या खेपेस.)

ओढ्याकडच्या एका मावशी मला म्हणाल्या, "दादा, पत्रा ऱ्हाऊ दे. आधी खाली आमचं नाव लाव." त्यांनी तांदळाच्या डब्यातून पिशवी काढली. आत शिधापत्रिका आणि घरपट्टीच्या जुन्या पावत्या, एकही फाटलेली नाही. मला यिर्मया आठवला. त्याने अनाथोथचे शेत घेतले आणि खरेदीखत मातीच्या भांड्यात ठेवायला सांगितले.

त्या पावत्या आता अर्जाला जोडल्या आहेत. ग्रामसभेने ठराव केला. मालक त्या सभेला आले, शेवटपर्यंत बसले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. मोजणीची तारीख पावसाळ्यानंतरची मिळाली आहे. तोवर त्या ओळीवर नवे प्लास्टिक टाकून दिले आहे. ते वाऱ्याने फडफडते आणि रात्री लेकरे जागी होतात.

माझी विनंती अशी. छपरांच्या अर्पणातून काही भाग मोजणीची फी, तालुक्याच्या फेऱ्या आणि बुडणारी मजुरी यांसाठी वापरू द्यावा. पावतीपुस्तकावर "पत्रे" असे लिहून आपण पैसे दिले आहेत, म्हणून विचारल्याशिवाय वळवणार नाही. वाडीतली बहुतेक घरे आपल्या मंडळीची नाहीत, हेही आपणास ठाऊक आहे.

मोजणीच्या दिवशी घरची माणसे हजर हवीत, म्हणून त्या मावशींनी यंदा मुकादमाकडून उचल घेतलेली नाही. उचल नाही म्हणजे पावसाळ्यात घरात धान्य नाही. तेवढे दोन महिन्यांचे तांदूळ मला या शनिवारी घेऊन जायचे आहेत.